बेटाचे कारभारी : सर शिवसागर रामगुलाम

मोठ्या देशाचा कारभार आणि लहान बेटाचा कारभार यांच्यांत फरक तो काय, असें विचारलें तर बहुतेक लोक सैन्य, खजिना आणि मुलूख यांचे आंकडे पुढें मांडतील. परंतु खरा फरक त्याहून निराळा आहे. मोठ्या देशाच्या प्रमुखाची चूक देशाच्या विस्ताराआड कांहीं काळ लपून राहूं शकते. बेटाच्या प्रमुखाची चूक दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाजारांत दिसूं लागते. शिवाय ज्या बेटाच्या चोहों बाजूंस समुद्र आणि आंत निरनिराळ्या धर्मांचीं, वंशांचीं व भाषांचीं माणसें, तेथें भांडून वेगळें होण्याला जागाच नसते. अशा एका बेटाचा कारभार ज्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ वाहिला, त्या सर शिवसागर रामगुलाम यांचें राजकीय जीवन हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांच्या यशापयशाचा विचार करतांना एक वस्तु श्रोत्यांनीं सतत दृष्टीपुढें ठेवावी. ती वस्तु म्हणजे मतपत्रिका. ह्या कागदाच्या तुकड्यानें त्यांना वर नेलें, त्याच्याशींच त्यांनीं एकदां अन्याय केला, आणि अखेरीस त्यानेंच त्यांना खालीं उतरविलें.

मॉरिशस हें बेट हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. डच आले व गेले. मग फ्रेंच आले. १८१० सालीं इंग्रजांनीं तें फ्रेंचांपासून जिंकून घेतलें. परंतु राज्य इंग्रजांचें झालें तरी ऊंसाचे मळे फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहिले. गुलामगिरी बंद झाली तेव्हां ह्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि ते हिंदुस्थानांतून आणण्यांत आले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष माणसें 'गिरमिटा'वर आंगठा उमटवून ह्या बेटावर उतरलीं. त्यांत बिहारकडील लोक सर्वांत अधिक. तामीळ व तेलुगु मुलखांतले पुष्कळ. आणि मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील व घांटावरचेही कांहीं होते. त्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथें आपले सण पाळतात व मराठी शिकतात.

१८९६ सालीं बिहारमधून मोहित रामगुलाम नांवाचा एक अठरा वर्षांचा तरुण असाच गिरमिटावर गेला. पुढें तो मळ्यावर मुकादम झाला. १८ सप्टेंबर १९०० रोजीं बेल रिव्ह ह्या खेड्यांत त्याला जो मुलगा झाला, तोच पुढें त्या देशाचा पहिला पंतप्रधान झाला. मुलगा सात वर्षांचा असतांना वडील वारले. बाराव्या वर्षीं गोठ्यांत झालेल्या एका अपघातांत त्याचा डावा डोळा गेला. विधवा आई, एक डोळा अधू, भोंवतीं दुसऱ्याच्या मालकीचा ऊंस : अशा मुलाच्या भवितव्याविषयीं त्या काळीं फारशी आशा कोणी बाळगली नसती. परंतु शाळेची वाट त्यानें सोडली नाहीं. सरकारी शाळांतून पुढें क्युरपीप येथील रॉयल कॉलेजांत त्यानें शिक्षण घेतलें आणि १९२१ सालीं थोरल्या भावाच्या साह्यानें वैद्यकाच्या अभ्यासाकरितां तो लंडनला गेला.

लंडनमधील हा मुक्काम चवदा वर्षांचा झाला. डॉक्टरी तर त्यांनीं मिळविलीच, परंतु खरें शिक्षण महाविद्यालयाच्या बाहेर चाललें होतें. हिंदी विद्यार्थ्यांच्या संघटनांत ते पुढाकार घेत. फेबियन समाजवाद्यांच्या विचारांशीं त्यांचा परिचय झाला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यचळवळीचे पुढारी लंडनला येत तेव्हां त्यांचीं भाषणें ऐकण्याची संधि मिळे. गांधीजींचें आणि मॉरिशसचें नातें तर त्याहूनही जुनें होतें. १९०१ सालीं दक्षिण आफ्रिकेहून परततांना गांधीजी सुमारें तीन आठवडे त्या बेटावर राहिले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणांत भाग घ्या, असें त्यांनीं तेथील हिंदी लोकांना सांगितलें होतें. त्या वेळीं रामगुलाम जेमतेम एक वर्षाचे होते. ह्या उपदेशाच्या दोन्ही अंगांचें आचरण पुढें त्यांनीं केलें.

१९३५ सालीं डॉक्टर रामगुलाम मायदेशीं परतले व पोर्ट लुई येथें दवाखाना घालून बसले. त्या काळीं बेटावरील मजुराची स्थिति दयनीय होती. १९३६ सालीं डॉ. मोरिस क्युरे यांनीं मजूर पक्षाची स्थापना केली. १९३७ सालीं मळ्यांवर दंगे उसळले व गोळीबारांत माणसें मेलीं. १९४३ सालीं बेल व्ह्यू हारेल येथें पुन्हां गोळीबार झाला, आणि मेलेल्यांत अंजली कूपेन नांवाची एक गरोदर स्त्रीही होती. रामगुलाम मात्र रस्त्यावरच्या लढ्याचे पुढारी नव्हते. १९४० सालीं सरकारनें त्यांना कायदेकौन्सिलांत नेमलें; त्याच वर्षीं निघालेल्या 'अॅडव्हान्स' ह्या पत्राशीं त्यांचा निकटचा संबंध होता. कौन्सिलांत बसावें, अहवाल वाचावे, प्रश्न विचारावे, एकेक हक्क कलमाकलमानें मागून घ्यावा, ही त्यांची रीत. तापट तरुणांना ती मंद वाटे. परंतु रोग्याचा ताप उतरवितांना औषधाची मात्रा पाहून देणाऱ्या वैद्याची ती रीत होती.

ह्या रीतीचें फळ कोणतें, हें पाहण्याकरितां १९४८ सालच्या निवडणुकीकडे वळलें पाहिजे. त्यापूर्वीं मताचा हक्क मालमत्ता व मिळकत यांवर अवलंबून असे, आणि लक्षावधि लोकवस्तीच्या त्या बेटांत मतदार होते सुमारें बारा हजार. नव्या घटनेप्रमाणें असें ठरलें कीं, बेटांत चालणाऱ्या एखाद्या भाषेंत साधीं वाक्यें लिहितां-वाचतां येतील त्या स्त्रीपुरुषास मत द्यावें. वरवर पाहतां ही अट लहान. परंतु ज्यांच्या बापांनीं गिरमिटावर आंगठा उमटविला त्यांना ती डोंगराएवढी होती. येथें बासदेव व सुखदेव बिसुनदयाल ह्या बंधूंचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. त्यांच्या चळवळीनें गांवोगांवच्या बैठकांतून प्रौढ स्त्रीपुरुषांना अक्षरें गिरविण्यास शिकविलें. दिवसभर ऊंस तोडलेलीं तीं राठ बोटें रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाटीवर आपलें नांव काढूं लागलीं. परिणाम असा झाला कीं मतदारांची संख्या बारा हजारांवरून सुमारें बहात्तर हजारांवर गेली. मळेवाल्यांच्या गटाची सद्दी निवडणुकींत संपली, आणि रामगुलाम लोकांचे प्रतिनिधि म्हणून निवडून आले. शिक्षणाचा आणि राज्यकारभाराचा संबंध काय, हें सांगण्यास ह्याहून बोलका दाखला सांपडणें कठीण.

मात्र निवडून येणें निराळें आणि सत्ता हातीं येणें निराळें. कौन्सिलांत एकोणीस निवडलेले सभासद, तर त्यांच्या जोडीला गव्हर्नरनें नेमलेले बारा व सरकारी अधिकारी तीन. आणि नेमणुका अशा होत कीं निवडणुकींत हरलेल्या बाजूचें पारडें पुन्हां जड व्हावें. रामगुलाम यांनीं ह्याविरुद्ध तक्रार केली, पण सभात्याग करून ते घरीं बसले नाहींत. गी रोझमाँ यांचें १९५६ सालीं निधन झाल्यानंतर मजूर पक्षाची धुरा त्यांच्याकडे आली. मार्च १९५९ मध्यें प्रौढ मताधिकारानें पहिली निवडणूक झाली. मतदारांची संख्या दोन लक्षांवर गेली आणि मजूर पक्षाला विजय मिळाला. १९६१ च्या सप्टेंबरांत रामगुलाम मुख्यमंत्री झाले, १९६४ सालीं प्रीमियर झाले, आणि १९६५ सालीं त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

आतां स्वातंत्र्य दाराशीं आलें होतें. परंतु त्या दारांत उभें राहून अर्धें घर भीत होतें. मिश्रवंशीय क्रियोल, फ्रेंच वंशाचे मळेवाले आणि अन्य अल्पसंख्य समाज यांतील पुष्कळांना वाटे कीं, इंग्रज गेला म्हणजे हिंदु बहुसंख्येचें राज्य येईल. त्यांचे पुढारी गेतां द्युव्हाल हे मोठे वक्ते होते. सप्टेंबर १९६५ मध्यें लंडनला लँकेस्टर हाऊस येथें घटनापरिषद भरली, ती ह्या भीतीच्या छायेंत. आणि तेथेंच रामगुलाम यांच्या जीवनांतील सर्वांत अवघड प्रसंग उद्भवला.

मॉरिशसच्या ईशान्येस सुमारें दोन हजार किलोमीटरांवर छागोस नांवाचा द्वीपसमूह आहे. तो मॉरिशसच्या वसाहतीचा भाग होता. त्यांतील दिएगो गार्सिया हें बेट अमेरिकेला लष्करी तळासाठीं हवें होतें, आणि ब्रिटनला तो द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून ठेवावयाचा होता. २३ सप्टेंबर १९६५ रोजीं ब्रिटिश पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनीं रामगुलाम यांना खाजगी भेटीस बोलावलें. ह्या भेटीपूर्वीं विल्सन यांच्या कार्यालयांत तयार केलेलें टिपण पुढें उघड झालें आहे. त्याचा आशय असा कीं, ह्या गृहस्थाला आशेनेंच भेडसवावें : स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि छागोसबद्दल समजूतदारपणा न दाखविल्यास तें मिळणार नाहीं ही धास्ती. भेटींत विल्सन यांनीं तसेंच सुचविलें. रामगुलाम यांनीं तत्त्वतः संमति दिली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं छागोस वेगळें करण्यांत आलें. मॉरिशसला मोबदला तीस लक्ष पौंड. त्यानंतर १९६८ ते १९७३ ह्या काळांत तेथील सुमारें दीड ते दोन हजार रहिवाशांना घरेंदारें सोडावयास लावलें गेलें, आणि त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या दरिद्री वस्त्यांत येऊन पडले.

ह्या संमतीचा निवाडा कसा करावा? कोणी म्हणतात, त्यांनीं मातृभूमीचा तुकडा विकला. कोणी म्हणतात, ज्याच्या हातांत कांहींच नव्हतें त्यानें काय विकावें? वसाहतीचा प्रमुख आणि साम्राज्याचा प्रमुख एका मेजाशीं बसले म्हणजे तो सौदा बरोबरीचा नसतो. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें आपल्या सल्लात्मक मतांत हेंच सांगितलें : ती संमति लोकांच्या मुक्त इच्छेची द्योतक नव्हती व छागोसचें विभाजन बेकायदेशीर होतें. एवढा न्याय रामगुलाम यांच्या पदरांत घालावाच लागेल. परंतु दुसरी बाजूही सोडतां येत नाहीं. ज्यांचीं घरें गेलीं त्या बेटकऱ्यांना त्या मेजाशीं कोणीं बसविलें नव्हतें, त्यांचें मत कोणीं विचारलें नव्हतें. ज्यांनीं आयुष्यभर मताच्या हक्कासाठीं झगडा केला, त्यांच्या हातून हें घडावें ही त्या चरित्रांतली सर्वांत दुःखद गोष्ट होय.

७ ऑगस्ट १९६७ रोजीं स्वातंत्र्याच्या प्रश्नावर निवडणूक झाली. मजूर पक्ष, बिसुनदयाल यांचा पक्ष व मुस्लिम कृतिसमिति यांच्या आघाडीला ३९ जागा, द्युव्हाल यांच्या पक्षाला २३. आंकडा स्पष्ट असला तरी शेंकडा चव्वेचाळीसच्या आसपास मतें विरोधांत पडलीं होतीं. १२ मार्च १९६८ रोजीं, म्हणजे दांडीयात्रेला निघाल्याच्या तिथीस, पोर्ट लुईच्या शर्यतीच्या मैदानावर नवा ध्वज चढला. पण त्याच वर्षीं जानेवारींत राजधानींत जातीय दंगे होऊन गेले होते आणि शांततेसाठीं ब्रिटिश पलटण आणावी लागली होती. निर्यातीपैकीं शेंकडा नव्वदाहून अधिक वांटा एकट्या साखरेचा. हिवताप हटल्यामुळें लोकसंख्या झपाट्यानें वाढलेली. तरुणांना काम नाहीं. प्रोफेसर जेम्स मीड यांनीं १९६१ सालींच ह्या बेटाच्या भवितव्याविषयीं निराशेचा सूर काढला होता, आणि हे पुढें नोबेल पारितोषिक मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ होते.

येथें रामगुलाम यांच्या स्वभावांतला मुख्य गुण दिसून आला. १९६९ सालीं त्यांनीं आपले कडवे प्रतिस्पर्धी द्युव्हाल यांना मंत्रिमंडळांत घेतलें व परराष्ट्रखातें दिलें. मळेवाल्यांच्या जमिनी हिसकल्या नाहींत. साखरेवर कर घेऊन तो पैसा शाळा, दवाखाने व वृद्धांचें वेतन यांकडे वळविला. १९७० सालीं निर्यातीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, आणि त्यांतून पुढें कापडाच्या धंद्याची भरभराट झाली. १९७५ सालच्या लोमे येथील करारानें दरवर्षीं सुमारें पांच लक्ष टन साखरेला युरोपांत हमीचा भाव मिळाला. ज्या घराला तडा जाईल असें सर्वांना वाटत होतें, तें उभें राहिलें.

परंतु ह्याच काळांत त्यांनीं ती चूक केली, जिचा उल्लेख आरंभीं झाला. युतीच्या जोरावर घटनेंत दुरुस्ती करून निवडणूक १९७६ पर्यंत लांबणीवर टाकली. १९६९ सालीं पॉल बेरांजे व त्यांचे तरुण सहकारी यांनीं स्थापिलेल्या पक्षानें १९७० सालीं रामगुलाम यांच्या प्रभावाच्या त्रिओले भागांतच पोटनिवडणूक जिंकली. १९७१ सालीं गोदींत संप झाले. सरकारनें डिसेंबरांत आणीबाणी पुकारली, वृत्तपत्रांवर नियंत्रण घातलें, आणि विरोधी पुढाऱ्यांना खटल्याविना सुमारें वर्षभर तुरुंगांत ठेवलें. पुढें पोटनिवडणुकाही बंद केल्या. स्थैर्यासाठीं हें आवश्यक होतें, असें त्यांचे पक्षपाती म्हणत. परंतु लोकांना वाक्यें लिहावयास शिकवून मतदार केलें, आणि मग सांगितलें कीं तुमचें मत आम्हांस सध्यां नको आहे, ह्याचें समर्थन कोणत्याही युक्तिवादानें होत नाहीं.

लोकांनीं हें विसरलें नाहीं. १९७५ च्या मे महिन्यांत विद्यार्थी रस्त्यावर आले, मताचें वय अठरा वर्षांवर आलें, आणि डिसेंबर १९७६ च्या निवडणुकींत सत्तर जागांच्या सभेंत बेरांजे यांच्या पक्षाला ३४, रामगुलाम यांच्या आघाडीला २८ व द्युव्हाल यांच्या पक्षाला ८ जागा मिळाल्या. पुन्हां द्युव्हाल यांच्याशीं हातमिळवणी करून रामगुलाम अधिकारावर राहिले. त्या निवडणुकीपूर्वीं त्यांनीं एक वचन दिलें होतें, आणि तें पाळलेंही : १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालें. ऊंसतोड्याच्या मुलीला हायस्कुलाचें दार उघडलें. त्यांच्या सर्व कृत्यांत हें एकच शिल्लक राहिलें असतें तरी त्यांचें नांव टिकलें असतें.

त्यानंतरचीं वर्षें ओढगस्तीचीं गेलीं. साखरेचा भाव उतरला, तेल महागलें, १९७९ व १९८१ सालीं रुपयाची किंमत उतरवावी लागली, मंत्र्यांवर लांचलुचपतीचे आरोप झाले. ११ जून १९८२ रोजीं निवडणूक झाली, आणि मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा विरोधकांनीं जिंकल्या. खुद्द रामगुलाम आपल्या मतदारसंघांत पडले. बेचाळीस वर्षें सभागृहांत बसलेला मनुष्य एका दिवसांत बाहेर झाला.

ह्या क्षणाचें महत्त्व नीट ओळखलें पाहिजे. त्या काळीं नव्यानें स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांत पहिला प्रमुख एक तर बंदुकीनें जाई किंवा मरेपर्यंत जातच नसे. मतमोजणी झाली म्हणजे पोलीस बोलवावे, पेट्या पुन्हां उघडाव्या, बंडाळीची आवई उठवावी, हे सर्व मार्ग एक्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धालाही मोकळे होते. त्यांनीं त्यांतला एकही धरला नाहीं. कारभार अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याकडे गेला, आणि म्हातारा घरीं गेला. पूर्वीं निवडणूक लांबवून जें ऋण त्यांनीं करून ठेवलें होतें, तें त्या दिवशीं बव्हंशीं फिटलें. पुढें विजयी पक्षांत फूट पडली. १९८३ च्या निवडणुकींत मजूर पक्ष जगन्नाथ यांच्या साह्यास आला, आणि थोड्याच महिन्यांनीं रामगुलाम गव्हर्नर-जनरल झाले. १५ डिसेंबर १९८५ रोजीं रेद्यूई येथील राजभवनांत त्यांचें देहावसान झालें.

महाराष्ट्राशीं त्यांचा एक संबंध सांगण्याजोगा आहे. जानेवारी १९७५ मध्यें नागपूर येथें पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, तेव्हां ते प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. ज्याचा बाप एक आंगठा उमटवून बिहार सोडून गेला, तो मुलगा एका राष्ट्राचा पंतप्रधान होऊन नागपूरच्या व्यासपीठावर बसला, हें दृश्य अर्थपूर्ण होतें.

छागोसचें प्रकरण मात्र त्यांच्या मागें राहिलें. २२ मे २०२५ रोजीं ब्रिटन व मॉरिशस यांनीं त्या द्वीपसमूहाच्या सार्वभौमत्वाविषयीं करारावर सह्या केल्या. मॉरिशसच्या बाजूनें सही करणारे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम हे त्यांचेच पुत्र. पित्यानें धास्तीखालीं दिलेल्या संमतीचा हिशेब साठ वर्षांनीं पुत्राला मांडावा लागला. लहान राष्ट्राच्या चुका लहान नसतात, आणि त्या फेडावयास एक पिढी पुरत नाहीं, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

आणि दुसरा बोध मतपत्रिकेचा. १९४८ सालीं दिव्याच्या उजेडांत अक्षरें गिरविणाऱ्या मजुरानें रामगुलाम यांना सभेंत पाठविलें. त्याच्या शाळेंत शिकलेल्या मुलांनीं चौतीस वर्षांनीं त्यांना घरीं पाठविलें. पुढाऱ्याचें खरें काम कोणतें? आपल्याला खालीं उतरविण्याचें सामर्थ्य ज्यांच्या अंगीं येईल अशी माणसें तयार करणें, आणि त्यांनीं उतर म्हटलें म्हणजे निमूटपणें उतरणें. रामगुलाम यांनीं तें केलें, म्हणूनच त्या बेटावर आजही सरकारें मतांनीं येतात व मतांनींच जातात.